आधी पंज्या, मग तिर्र्या

रविवार, रात्रीचे साडेअकरा. नौपाडा, ठाणे.

पावसामुळे आज तलावपाळीचा फेरा चुकला आणि संध्याकाळी धाकट्या भावाच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, आम्ही सहा जण पोकर खेळायला बसलो. पैसे नाहीत, प्रत्येकाला प्लास्टिकच्या ५,००० चिप्स, आणि जो बाद होईल त्याने उरलेल्यांसाठी चहा टाकायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाल्यापासून, एरवी फोनमध्ये डोके घालून बसणारे आमच्यातले दोघेही आता या टेबलाशी येतात.

दोघे बाद होऊन चौघे उरलो, तेव्हा माझ्याकडे ३,३०० चिप्स होत्या आणि ब्लाइंड (दर डावाला दोघांनी पाने बघण्याआधीच भरायची सक्तीची रक्कम, एक छोटी आणि एक मोठी) १५०-३०० चे होते. बटण, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याची खूण, माझ्यापुढे होते, पहिल्या भिडूने पाने टाकून डाव सोडला आणि मला दोन पंज्या आल्या. मी नुसते ३०० भरले. तिसरी पंजी उतरली तर पाहू, असा विचार केला, आणि आता लिहिताना त्याचीच लाज वाटते. हातात जोडी असताना फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडणाऱ्या पाच पानांपैकी पहिल्या तिनांत, तिसरे पान येण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ डावांत एकदा. नऊ जणांच्या टेबलावर, सगळ्यांपुढे चिप्सचे ढीग असताना, भरलेल्या रकमेच्या पंधरा-वीस पट वसूल होण्याजोगी असेल तर ही वाट पाहणे परवडते. माझ्याकडे मुळात अकराच मोठ्या ब्लाइंडइतक्या चिप्स होत्या, आणि चौघांत दर चार डावांना ४५० चिप्स आपोआप जातात. दुर्रीपासून छक्कीपर्यंतची कुठलीही जोडी सरासरी ४४ डावांत एकदा येते. तेवढे डाव माझ्या वाट्याला येणारच नव्हते.

फ्लॉपवर राजा, नव्वी, तिर्री पडली. मोठ्या ब्लाइंडवर बसलेल्या पुतण्याने ५०० लावले, मी पाने टाकली, आणि त्याने हसत हसत किलवरची दश्शी आणि सत्ती उलटी करून दाखवली. माझ्या पंज्या तेव्हाही पुढे होत्या. मी आधीच सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या असत्या, तर दश्शी-सत्ती घेऊन तो आत आलाच नसता. छोट्या जोडीचा निम्मा फायदा समोरचा पाने टाकतो यातच असतो. दुसऱ्याचा ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स लावून दिलेले आव्हान, स्वीकारताना तो निम्मा हातचा जातो, आणि उरते ती मोठ्या दोन पानांविरुद्ध जवळजवळ नाणेफेक किंवा मोठ्या जोडीविरुद्ध पाचात एक संधी. तीनपत्तीवर वाढलेल्या आम्हा लोकांना जोडी दिसली की टिकून राहावेसे वाटते, ती सवय इथे नडते.

पुढच्याच डावात ब्लाइंड २००-४०० झाले आणि मला दोन तिर्र्या आल्या. या वेळी मी सगळ्या ३,००० चिप्स पुढे केल्या. वहिनींनी एक्का-गुलामावर आव्हान स्वीकारले. राणी, सत्ती, राणी, मग नव्वी, शेवटी पुन्हा नव्वी. एक्का नाही, गुलाम नाही, म्हणून पुतण्या ओरडला, "काका, जोडी तुमचीच!" मी चिप्सकडे हात नेला आणि तसाच थांबलो. टेबलावर राण्यांची आणि नव्व्यांची जोडी उघडी पडलेली असताना माझ्या तिर्र्यांना काही अर्थच उरला नव्हता. सर्वांत चांगली पाच पाने धरली तर दोघांच्याही त्याच दोन जोड्या, आणि पाचवे पान वहिनींचा एक्का.

वहिनींना वाईट वाटले, माझे त्यांनी दोनदा सांत्वन केले. मला त्या डावाचे काहीच वाटत नव्हते; तोच डाव उद्या आला तर मी तसाच खेळेन. चहाला उकळी येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे होत्या त्या आधीच्या दोन पंज्या, ज्यांच्या हरण्याबद्दल टेबलावर कोणीही एक शब्द काढला नव्हता.