व्हिएन्नातला घोडा

व्हिएन्नात चार दिवस होतो, त्यातले तीन राजवाडे आणि केक ह्यात गेले, त्यावर सगळेच लिहितात. चौथ्या दिवशी नवरा म्हणाला आर्सेनलचं लष्करी म्युझियम बघू. मी तोंड वाकडं केलं, पण महिन्याचा पहिला रविवार म्हणून तिकीट फुकट, मग काय, निघालो! फुकट म्हणजे गर्दी, हे मेलं आत शिरल्यावर सुचलं.

1914 मध्ये सारायेव्हो शहरात गोळ्या घालून मारलेला ऑस्ट्रियन युवराज फ्रान्झ फर्डिनांड, त्याच्या खोलीत त्याची गाडी, रक्ताळलेला कोट आणि समोर मोबाईल वर केलेली माणसं. मला बराच वेळ एका काकांचं टक्कलच दिसत होतं. मग फट मिळाली. युवराजाला मारणाऱ्या प्रिन्सिपचं ब्राउनिंग 1910 पिस्तूल, पर्समध्ये मावेल एवढंसं. पोरगा 19 वर्षांचा, दोन गोळ्या, आणि पुढे चार वर्षं जग पेटलं. ते पिस्तूल कितीतरी वर्षं जेझुइट पाद्र्यांकडेच पडून होतं, म्युझियमला मिळालं थेट 2004 मध्ये.

पण मी अडकले ती दुसऱ्याच काचेपाशी. रोट-स्टायर, 1907, ऑस्ट्रियन घोडदळाचं पिस्तूल. किलोभर वजन, वरून पट्टीने एकदम 10 गोळ्या भरायच्या. आपण पिस्तुलालाच घोडा म्हणतो आणि ह्याला बाहेर घोडाच नाही! नवऱ्याने समजावलं की आतली पिन आधी अर्धवटच ताणलेली असते, उरलेला ताण चाप ओढणाऱ्याने स्वतःच्या बोटाने द्यायचा, म्हणून चाप मुद्दाम जड. का, तर खालचा खराखुरा घोडा बिथरला आणि स्वाराचं बोट आवळलं गेलं तरी गोळी सुटू नये.

हे ऐकून मला माथेरान आठवलं. एक साधी प्लास्टिकची पिशवी उडाली आणि माझा घोडा असा उधळला की हातातला लगाम, पाण्याची बाटली, सगळं मी गच्च आवळून धरलं होतं, बाटलीचं तर झाकणच उडालं. माझ्या हातात त्या दिवशी हलक्या चापाचं काही असतं तर घोडेवाल्या मामांचं काही खरं नव्हतं. कारखान्यात बसून कुणीतरी घाबरलेल्या बोटाचा एवढा विचार केला होता, ह्याचं मला फार वाटलं. आणि मग 1914 उजाडलं, मशीनगन आणि खंदकांपुढे घोडदळाचंच काही चालेना, तीच पिस्तुलं पुढे वैमानिकांच्या कमरेला गेली.

नवरा म्हणाला, "दिवाळीत माथेरानला जायचं?"

म्हटलं जाऊ, पण दस्तुरी नाक्यापासून मी चालत येणार.