अर्थ अडला की काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एम.ए.चा नवा वर्ग भरला की पहिल्या पंधरवड्यात हा प्रश्न येतोच: “मॅडम, या भारतीय इंग्रजी कादंबऱ्यांत मधेच मल्याळी, बंगाली, भोजपुरी शब्द येतात. खाली अर्थही नसतो. प्रत्येक शब्द शोधत बसायचं, की सोडून पुढे जायचं?”

माझी स्वतःची मोठी चूक झाली ती परक्या शब्दापाशी नाही, घरच्या शब्दापाशी. माझं माहेर हर्णैचं. आमच्याकडे होडी कुणाच्याही मालकीची असो, समुद्रात गेल्यावर शब्द चालतो तो तांडेलाचा. जाळं कुठे टाकायचं, वारा फिरला तर कधी परतायचं, सगळं तोच ठरवतो. अमिताव घोष यांच्या २००८ सालच्या ‘सी ऑफ पॉपीज’मध्ये टिंडल मामदू भेटला तेव्हा मी हरखून गेले. गिरमिटियांना, म्हणजे करारावर बांधलेल्या मजुरांना, मॉरिशसला नेणारं जहाज, त्यावरचे लस्कर म्हणजे आशियाई खलाशी, आणि त्यांच्यात आपला तांडेल! हे लस्कर जहाजाच्या उंच खांबाला ‘डोल’ म्हणतात, तेही मला कोशाविना कळलं. आपली डोलकाठीच ती. या आनंदात मी मामदूला खलाशांचा प्रमुख समजून बरीच पानं वाचली. मग सेरांग अलीच्या हाताखाली हा कसा, ते काही केल्या उलगडेना. शेवटी यूल आणि बर्नेल यांचा १८८६ सालचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोश काढला. टिंडल म्हणजे लस्करांमधला कनिष्ठ अधिकारी. त्याच्या वर सेरांग, आणि सगळ्यांच्या वर गोरा कप्तान. आमच्या बंदरात होडीवर ज्याचा शब्द शेवटचा, त्याच नावाच्या माणसाला त्या जहाजावर दोघातिघांचे हुकूम ऐकावे लागत होते. हे कळल्यावर मामदूची सगळी पानं मी पुन्हा वाचली.

तेव्हापासून मी वर्गात सांगते, अनोळखी शब्दाला घाबरू नका. तिथे आपण आपोआप थांबतो. ओळखीच्या शब्दापाशी थांबत नाही आणि तिथेच फसतो. उत्तरेकडच्या कुटुंबाच्या गोष्टीत ‘ताई’ आली की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे थोरली बहीण येते. हिंदीत ताई म्हणजे ताऊची बायको, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. एका मुलीने अख्खं उत्तर बहीण धरून लिहिलं होतं. घरातली सत्ता कुणाकडे आहे, हा त्या गोष्टीचा गाभाच तिच्या हातून निसटला.

खरोखर अनोळखी शब्द आला तर? मी त्याला दोनतीनदा येऊ देते. कोण बोलतं, कुणाला बोलतं, कुणासमोर बोलत नाही, एवढं बघते. अरुंधती रॉय यांच्या १९९७ सालच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’मध्ये शब्दार्थांची यादी नाही. पण बेबी कोचम्माचं खरं नाव नवोमी, आणि आत्या-मावशी म्हणवण्याच्या वयाची झाल्यावर ती ‘कोचम्मा’ झाली, हे कादंबरीच सांगते. कोश हवाच, पण या सगळ्यानंतर.

त्याच कादंबरीतला ‘परवन’ हा शब्द मात्र मी दरवर्षी मुद्दाम तसाच ठेवते, अर्थ सांगत नाही. कादंबरीतला सुतार वेलुत्ता परवन आहे. कोश उघडलात तर केरळातल्या एका जातीचं नाव, एवढं हाती लागेल. मग मम्माची नावाची आजी आपल्या जुळ्या नातवंडांना स्वतःच्या लहानपणची आठवण सांगते ते पान येतं: परवनांनी हातात झाडू घेऊन, मागे मागे सरकत, स्वतःच्या पावलांचे ठसे पुसत जायचं, ब्राह्मणांचा किंवा सीरियन ख्रिश्चनांचा पाय त्या ठशावर पडून विटाळ होऊ नये म्हणून.

इथे आमचा वर्ग गप्प होतो. महाराष्ट्रातल्या मुलांना हा झाडू माहीत असतो. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून चालावं लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहून ठेवलं आहे. कितीतरी मुलांनी ते घरात ऐकलेलं असतं, अगदी लहानपणापासून. कादंबरीतलं केरळातलं आयमनम गाव कुठे, शनिवारवाडा कुठे, पण झाडू तोच. आणि तो ख्रिश्चनांच्याही वाटेवरचे ठसे पुसत होता, हे मुलांना नवीन असतं. त्यावरून तासभर बोलणं होतं. धर्म बदलला तरी जात कशी टिकली, हे मग तीच एकमेकांना विचारतात.

गेल्या वर्षी एका मुलाने ते पान पुन्हा मोठ्याने वाचू का म्हणून विचारलं. हळूहळू, एकही शब्द न गाळता त्याने वाचलं. नंतर ग्रंथालयात ती प्रत परत आली तेव्हा ‘परवन’ शब्दाखाली पेन्सिलीने रेघ होती, आणि समासात त्याने आपल्या आजोबांच्या गावाचं नाव लिहिलं होतं.