आजीआजोबांच्या कबरीवरचा एन

वसईत आमचं दगडावर अक्षरं कोरायचं काम आहे, वडिलांपासून चालत आलेलं. कबरीचे दगड येतच असतात पण मे महिन्यात आलेलं एक काम अजून डोक्यातून जात नाही. एक काका आपल्या आजीआजोबांचा जुना संगमरवर टेम्पोत घालून घेऊन आले, खाली लॅटिन ओळ होती रेक्विएस्कान्त इन पाचे. काका म्हणाले जुन्या कारागिराने स्पेलिंग चुकवलंय, बाकी सगळीकडे रेक्विएस्कात असतं, तेवढा एन काढून द्या.

मी दगड ओला करून पुसला आणि बघत बसलो. अक्षरांत शिसं भरलेलं. चुकून अक्षर जास्त पडलं की पुढे कुठेतरी दाटी होतेच, इथे सगळी अंतरं सारखी आणि ओळ बरोब्बर मध्यावर, म्हणजे आधी मोजून आखलेली. असा हात चुकेल हे मला पटेचना. आणि एन काढायचा तर अख्खी पट्टी घासून खाली घ्यावी लागते, मग जुनी ओळ कायमची गेली. म्हटलं काका थांबा, आधी फादरना विचारू.

रिटायर्ड फादर आहेत आमच्याकडे, त्यांना मोबाईलवर फोटो मोठा करून दाखवला. लगेच म्हणाले बरोबर आहे की, दोघांची कबर ना? एकटं माणूस असेल तर रेक्विएस्कात, म्हणजे शांतीत विसावो, दोघं असली की रेक्विएस्कान्त, विसावोत. आरआयपी पण मूळचं हेच, आपल्याला ते इंग्लिश वाटतं. जुन्या लॅटिन मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, तर मयताच्या मिस्साच्या शेवटी कायम अनेकवचनच म्हणायचे, समोर पेटी एकाचीच असली तरी, आणि सगळे आमेन म्हणायचे. हे ऐकून मला आतून भरून आलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, कॅथलिक चर्चच्या बिशपांची १९६२ ते ६५ ची ती मोठी सभा, मिस्सा मराठीत आली आणि लॅटिन उरलं ते असं दगडांवर नाहीतर शाळा-कॉलेजच्या बिल्ल्यांवर.

काकांची मुलगी मुंबईत झेवियर्स कॉलेजला, तिने तिथल्या प्रोव्होकान्स आद व्होलान्दुम या ब्रीदवाक्याचं विचारून घेतलं. फादर म्हणाले बायबलमध्ये अनुवादच्या ३२व्या अध्यायात आहे, गरुड पिलांना उडायला उठवतो आणि त्यांच्यावर घिरट्या घालत राहतो. कॉलेजने पहिला भाग घेतलाय, मला घिरट्यांचा जास्त आवडला.

एन राहिला. काकांनी खाली मराठी ओळ कोरायला सांगितली, दोघंही शांतीत विसावोत, त्यातलं दोघंही त्यांनी स्वतः घातलं.