मुरारचे सैनिक आणि यंत्रदेह
ग्वाल्हेरच्या फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी बसलो की मला फार पुढच्या काळातले युद्ध दिसू लागते. १ जून १८५८ रोजी मुरारजवळ जयाजीराव शिंद्यांच्या सैन्यातील बहुतेकांनी तात्या टोपे आणि राणीवर शस्त्र चालवण्याऐवजी त्यांचाच पक्ष धरला, आणि महाराजांना आग्र्याकडे निघून जावे लागले. हुकूम मोडणारा तो हात सैनिकाचा स्वतःचा होता. हजार वर्षांनी माणूस आणि यंत्र यांच्यातला सांधाच उरला नाही, तर हुकूम कानावर न येता थेट मज्जातंतूंत उतरेल. मग बंड कोणी करायचे, आणि कोणत्या अवयवाने?

ही चिंता मला दूरची वाटत नाही. दृष्टिपटलावर ६० इलेक्ट्रोड बसवून अंधांना प्रकाशाची जाणीव देणारे एक यंत्र २०१९ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी बनवणे थांबवले, आणि ज्यांच्या डोळ्यांत ते आधीच होते त्यांच्या दुरुस्तीला कोणी वाली उरला नाही. (हे वाचून मी फार अस्वस्थ झालो होतो.) त्यामुळे त्या भावी बंडखोरांची पहिली मागणी मला आजच ऐकू येते: आमच्या शरीरातील आज्ञावली आम्हाला वाचू द्या, बदलू द्या, आणि नको तो हुकूम आल्यास हात खाली ठेवू द्या.