तुम्ही विचारलंत म्हणून: घरी गेल्यावर फाईलमधलं मराठी जातं कुठे?

अमळनेरला माझं टायपिंग-डीटीपीचं दुकान आहे. आखाजीच्या आधी लग्नपत्रिकांची झुंबड, एरवी ग्रामसभेचे ठराव, अर्ज, अधूनमधून कुणाच्या अहिराणी कविता. गिऱ्हाईक बदलतं, प्रश्न तोच: 'भाऊ, तुमच्याकडे चांगलं मराठी दिसत होतं, घरी मोबाइलवर उघडलं तर नुसती एबीसीडी. हाई काय शे?' बरेच जण व्हायरसवर खापर फोडतात. व्हायरसचा काही संबंध नाही.

कॉम्प्युटरच्या पोटात अक्षर नसतंच, आकडा असतो. १९६३ साली अमेरिकेत ॲस्की नावाची यादी ठरली, तिच्यात जागा १२८. मोठा इंग्रजी ए म्हणजे ६५, बी म्हणजे ६६. आपल्या क-ख-गला तिथे थारा नव्हता. मग फॉन्टवाल्यांनी शक्कल लढवली: आकडा इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, चित्र तेवढं देवनागरीचं काढायचं. कृतिदेव हा असाच एक फॉन्ट, त्यात टाइप केलेला 'भारत' मशीनच्या लेखी 'एच-के-के-जे-आर' असतो. एच म्हणजे अर्धा भ, पहिला के त्याचा दंड, दुसरा के काना, मग र आणि त. टाइपरायटरच्या कळांची सवय तशीच उचललेली. तो फॉन्ट माझ्याकडे आहे, तुमच्या मोबाइलमध्ये नाही. मोबाइल आत जे आहे तेच दाखवतो, आणि शिव्या खातो.

यावर उपाय म्हणजे युनिकोड, जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणारी एकच यादी. तिची पहिली आवृत्ती १९९१ची. तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या, २३०४ ते २४३१. क म्हणजे २३२५, ख म्हणजे २३२६, जगात कुठेही. सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखं समजा: शेतात केळी लावा नाहीतर कापूस, गट नंबर बदलत नाही. तसा फॉन्ट कुठलाही घ्या, २३२५ म्हणजे क-च. अहिराणीही याच आकड्यांत लिहिली जाते.

'मग जुनी फाईल कन्व्हर्टरमधून काढून द्या ना!' देतो, पण तिथेच खरी डोकेदुखी आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'कि'मधली वेलांटी दिसते आधी, पण युनिकोडमध्ये क २३२५ आधी आणि वेलांटी २३६७ नंतर. रफाराचं उलटं. 'सूर्यवंशी'तला रफार जुन्या फाईलमध्ये य-च्या नंतर असतो, तो उचलून र आणि हलन्त करून य-च्या आधी नेऊन ठेवावा लागतो. कच्चा कन्व्हर्टर इथेच घसरतो. म्हणून कन्व्हर्ट केलेला मजकूर मी आधी रफार आणि ऱ्हस्व वेलांटीसाठी वाचतो, बाकीचं मग.

युनिकोडमध्येही सगळं आलबेल आहे असं नाही. 'ॲड.' लिहायला लागणाऱ्या ॲ-ला स्वतःचा आकडा, २४१८, मिळाला तो २००८ साली. त्याआधी अ-वर चंद्र चढवून काम भागवायचे, अजूनही काही कीबोर्ड तसंच करतात. कागदावर दोन्ही सारखेच, पण एक शोधलं तर दुसरं सापडेलच याची खात्री नाही. वकिलांच्या यादीत हा घोळ हमखास निघतो.

मराठी जागा जास्त खातं हेही ऐकवलं जातं. खरं आहे. युनिकोडचे आकडे साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट (जागेचं माप), देवनागरी चिन्हाला तीन. 'खानदेश'मध्ये काना-मात्रा धरून सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं मावतात, मराठी ७०. तिथली पद्धत वेगळी, पण गोष्ट तीच: आकडा मोठा, जागा तेवढीच. पण केळीच्या घडाचा एक फोटो लाखो बाइट खातो, त्यावर कुणी तक्रार करत नाही. बाइट वाचवायला मराठी रोमनमध्ये लिहिणं मला तरी पटत नाही.

तेव्हा कुठल्याही दुकानातून फाईल घेताना नुसती पीडीएफ नको, वर्डची फाईलही मागा. पैसे देण्याआधी ती तिथेच स्वतःच्या मोबाइलवर उघडा आणि मोबाइलच्याच कीबोर्डवर मराठीत आपलं आडनाव टाकून शोधा. सापडलं तर फाईल युनिकोडमध्ये आहे.