पन्नास वॉटचं गाव

न्हाणीघरातला जुना पिवळा बल्ब साठ वॉटचा असायचा. सामुदायिक रेडिओच्या ट्रान्समीटरला परवानगी पन्नासाची. एवढ्याशा ताकदीवर आसपासची गावं सांभाळायची. साताऱ्यातल्या म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ पासून एफएमच्या ९०.४ मेगाहर्ट्झवर हेच करतेय. अँटेना जमिनीपासून तीस मीटरच्या वर न्यायची नाही. मोकळ्या माळावर आवाज दहा-पंधरा किलोमीटर गेला तर गेला. मध्ये टेकडी आली की पलीकडच्या वाडीत नुसती खरखर.

बिघाड बहुतेकदा पावसाळ्यात. मनोऱ्यावर केबल अँटेनाला जिथं जोडतात, तिथल्या टेपला भेग पडली की पाणी शिरतं, कनेक्टर हिरवा पडतो आणि वर चढवलेली ताकद बाहेर पडायचं सोडून केबलमधून माघारी येते. पन्नासातले एक-दोन वॉट परतले तर चालून जातं. पाच-सहा परतायला लागले की ट्रान्समीटर जीव वाचवायला ताकद उतरवतो. गंमत म्हणजे स्टुडिओत सगळं ठणठणीत ऐकू येत असतं. लांबच्या वाडीतून फोन येतो तेव्हा कळतं. म्हणून रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळत न्यायची. कौलांसारखा वरचा पदर खालच्यावर यायला हवा. केबल खोलीत घेण्याआधी खाली एक झोल द्यायचा, पाणी तिथूनच टपकून जातं. झोल म्हणावा तर असा!

स्टुडिओच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवायची हौस मात्र फुकट. बाहेरचा ट्रॅक्टर त्यांना जुमानत नाही. घुमारा मारायला दोन जाड गोधड्या भिंतीपासून चार बोटं सोडून टांगाव्यात. माइक तोंडापासून वीतभर आणि जरा तिरका. अगदी समोर धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटके बसतात, आणि पाणी, फवारणी, भाकरी टाळून खेड्यात बोलायचं तरी काय?

हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलं, तेही क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात. बातम्या मात्र अजून आकाशवाणीच्याच, एक शब्द न बदलता लावायच्या. उद्या नळाला पाणी येणार नाही, ही सरकारी व्याख्येत बातमी नव्हे, माहिती. ती बिनघोर सांगता येते. गावाला दुसरी कुठली बातमी हवी असते? त्यात “वडाजवळच्या टाकीला” एवढं म्हटलं की पुरतं. कुठला वड, असं ऐकणारा विचारत नाही. शंभर किलोमीटरवर ऐकू जाणाऱ्या स्टेशनला हा वड परवडणार नाही.

मोबाइलवर ऐकायचं तर बहुतेकांना इयरफोन खोचावा लागतो, कारण वायर हीच अँटेना. अँटेनाला लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा तरी लागतो; ९०.४ची ही पाव लहर ८३ सेंटिमीटरची, म्हणजे वायर जवळजवळ पूर्ण लांबीची मोकळी हवी. शेरडांमागं जाताना ती गळ्यातून खाली सोडावी. गुंडाळून खिशात कोंबली की पुन्हा खरखर.