तुम्ही विचारलंत म्हणून: गाऊट असताना उपाशी कसे राहता?

लग्नाच्या पंगतीत मी आठच्या पुढे ताटाला हात जोडले की कोणीतरी विचारतंच, "काय भो, तुमचं युरिक ॲसिड वाढतं ना, मग हे उपाशी राहायचं खूळ कशाला?" तर सांगतो. मला गाऊट आहे, म्हणजे रक्तातलं युरिक ॲसिड वाढून सांध्यात साचतं आणि सांधा अचानक सुजून दुखतो. सोळा तासवालं खूळ मी केलं, पायावर घेतलं आणि सोडलं. आता जे करतो ते वेगळंय.

तीन वर्षांपूर्वी सुरू केलं, तेही एप्रिलात, भुसावळच्या उन्हात, म्हणजे अक्कल बघा. रात्री आठला जेवण, मग थेट दुसऱ्या दिवशी बारा. दहा दिवसांत तीन किलो उतरलं, मी गावभर सांगत सुटलो आणि त्याच जोरात एकादशीला नुसत्या काळ्या चहावर दिवस काढला, पाणीही धड नाही, बाहेर ४४ डिग्री. रात्री अडीचला उजव्या पायाचा अंगठा पेटला. ज्याला झालंय त्यालाच कळेल, चादर टेकली तरी जीव जातो, बायको पंख्याचं बटण दाबायला उठली तर मी म्हटलं हळू चाल, पलंग हलतो.

सकाळी रक्त तपासलं तर युरिक ॲसिड ६.४. मी खूश, म्हटलं फार काही नाही. डॉक्टर म्हणाले गाऊटचा अटॅक चालू असताना आकडा खाली दिसू शकतो, पंधरा दिवसांनी परत या. परत केलं, ८.७. युरिक ॲसिडची गोळी मी आधीच मनाने बंद केलेली, तेही तेव्हाच कबूल केलं.

त्यांनी समजावलं ते असं. बराच वेळ पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात, आणि किडनीतून बाहेर पडायला कीटोन आणि युरिक ॲसिड एकाच खिडकीवर रांग लावतात. कीटोनचं तिकीट आधी निघतं, युरिक ॲसिड रक्तातच ताटकळतं. त्यात घाम गेलेला, पाणी कमी, म्हणजे रक्तातलं प्रमाण अजून वाढणार. वजन कमी झालं की युरिक ॲसिड उतरतं हे खरंच आहे पण हळूहळू कमी झालं तर, धाडकन उतरवलं की उलटं होतं. माझं तेच झालं.

आता रात्रीचं जेवण साडेसात-आठला, सकाळी नऊला भाकरी-भाजी, साडेतेरा तासांच्या वर जात नाही. मधे पाणी भरपूर, उशाशी तांब्या. (किडनी कमजोर असेल त्यांनी पाण्याचं डॉक्टरलाच विचारा, माझं ऐकू नका.) ॲलोप्युरिनॉल, म्हणजे युरिक ॲसिड उतरवणारी गोळी, जेवणानंतर, १०० मिलिग्रॅमपासून हळूहळू ३०० वर नेली, सोबत सुरुवातीचे काही महिने अटॅक रोखायला कोल्चिसिन, कारण युरिक ॲसिड उतरायला लागलं तरी अटॅक येऊ शकतो आणि तिथेच लोक म्हणतात गोळी लागू पडली नाही अन् सोडून देतात. सहाच्या खाली ठेवायचं असतं, माझं सध्या ५.६ आहे. अजून एक, दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी घेऊन वर उपवास करू नका, मी केलंय, दोन दिवस छातीत जळत होतं.

खाण्याचं तर विचारूच नका. अटॅकनंतर घरच्यांनी डाळ बंद, वांगं बंद, टमाटा बंद, पालक बंद. खान्देशात माणसाला बट्टी द्यायची आणि वरण नाही, हा काय न्याय झाला? मी डॉक्टरांना भरीत आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचं थेट विचारलं, म्हणाले खा की, डाळी-भाज्यांनी गाऊट वाढतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलं नाही, वाढतो तो मटण-कलेजी, मासे, बियर यांनी, आणि गोड पेयांनी. ते गोड पेयाचं मला लागलं, कारण मटण मी तसंही महिन्यातून एकदा पण उसाचा रस उन्हाळ्यात रोज दोन ग्लास होता. तो बंद, आता ताक.

एकादशी मात्र सोडली नाही. दूध, रावेरची केळी, भगर, दिवसभर पाणी. बायको म्हणते हा कसला उपवास, नुसता फराळ आहे. असू द्या.